अंकांची ओळ

सरांच्या टायपिंग क्लासात एकही बटण वाचता यायचं नाही. बारा कॉम्प्युटर, बारा कीबोर्ड, आणि प्रत्येक बटणावर सरांनी स्वतः ब्रश घेऊन काळा रंग फासलेला. नवीन आलेला माणूस आधी कीबोर्डकडे बघायचा, मग सरांकडे, मग दाराकडे. सर म्हणायचे, दार कुठे पळून जात नाही, तू आधी बस.

सर म्हणजे वाळलेलं लाकूड. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट आणि हातात लोखंडी फूटपट्टी. पट्टी मारायला नव्हती, ठेका धरायला होती. टेबलाच्या कडेवर टक, टक, टक, एका टकेला एक अक्षर. पोरं त्यांना मागून 'पट्टी' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि एखाद्यानं चुकून तोंडावर म्हटलंच तर ते 'ओ' द्यायचे. शिकवणं मात्र असं, की ज्याची बोटं म्हणजे निव्वळ खुंट्या, त्यालाही सहा महिन्यांत माणसात आणायचे. मनगटावर रिकामी काडेपेटी ठेवून टाइप करायचं. काडेपेटी पडली म्हणजे मनगट खाली बसलं, की पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही तर्जनी मधल्या ओळीतल्या दोन बटणांवर हाताला लागणाऱ्या बारीक उंचवट्यांवर. बोटं कुठेही हिंडून आली तरी शेवटी तिथेच, गुरं गोठ्यात येतात तशी. करंगळीनं कुरकुर केली तर तिलाच जास्त काम.

आणि या सगळ्यावर एक नियम होता, तो म्हणजे वाचायचं नाही.

“वाचलंत की हात थांबला,” सर सांगायचे. “डोळ्यानं अक्षर उचलायचं, बोटानं ठेवायचं. मध्ये डोकं आणायचं नाही. आपण नळ आहोत. नळ पाणी चाखून बघतो का?”

धाकटीला हेच सगळ्यात जड गेलं. धाकटी म्हणजे घरातली धाकटी, पण ऑफिसातही तिला धाकटीच म्हणायचे, कारण तिचे वडील त्याच ऑफिसात सव्वीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले आणि सव्वीस वर्षं सगळ्यांना घरच्याच गोष्टी ऐकवत राहिले. एका दुपारी डबा उघडायच्या आधीच ते खुर्चीतल्या खुर्चीत गेले. ऑफिसनं ती खुर्ची मुलीला दिली. दिली म्हणजे, टेकायला दिली म्हणा. वर्षाच्या आत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला चाळीस शब्द. नाही झाली तर उठायचं. धाकटी दोनदा आपटली होती, एकदा एकवीस शब्दांवर, एकदा एकोणतीसवर. ऑफिसातला एक कारकून तिला म्हणालाही होता, की बाई, तुमचं पत्र पोचेपर्यंत ज्याला लिहिलंय तो रिटायर होऊन बसेल.

तिसरी परीक्षा पंचवीस तारखेला होती, आणि ती शेवटची. परीक्षेला बसायचं तर क्लासच्या सही-शिक्क्याचा फॉर्म तेवीस तारखेला पाचच्या आत परीक्षेच्या कचेरीत पडायला हवा. घरात आई, आईचे गुडघे, आणि सगळा भार या एका खुर्चीवर. म्हणून ऑफिसनं सवलत दिली होती तशी ती तीन वाजता निघायची आणि सव्वातीनला क्लासात हजर व्हायची.

तिची जागा खिडकीशी होती. रस्त्याच्या पलीकडे एक तीन मजली इमारत, जुनी, पोपडे निघालेली, सात बिऱ्हाडांची. समोरच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिवणवाल्या मावशी बसायच्या. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालून खिडकीत रचून ठेवायच्या. एकदा धाकटीच्या पर्सची चेन तुटली तेव्हा ती रस्ता ओलांडून गेली, आणि मग जातच राहिली. मावशी चहा द्यायच्या आणि वर तोंडसुखही घ्यायच्या. म्हणायच्या, तू तिकडे टकटक करतेस, मी इकडे खटखट करते, पण माझ्या खटखटीतून निदान चड्डी निघते.

मावशींच्या डोक्याला एक ताप होता. इमारतीच्या मालकाला जागा रिकामी हवी होती. सहा बिऱ्हाडं कबूल झाली होती, दुसरीकडे खोल्या मिळणार म्हणून. मावशी नव्हत्या होत. शाळा इथे, गिऱ्हाईक इथे, मी तिकडे माळावर जाऊन कुणाच्या चड्ड्या शिवू, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालायला येणाऱ्याला त्या चहा पाजून परत पाठवायच्या.

चौथ्या महिन्यात धाकटीला नळ होता आलं. कसं ते तिलाही सांगता आलं नसतं. एका दुपारी पट्टीची टकटक चालू होती, डोळे कागदावर होते, आणि पान संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय टाइप केलं ते आपल्याला काहीच माहीत नाही. काडेपेटी मनगटावर जागच्या जागी. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, चौतीस. पुढच्या आठवड्यात अडतीस. तिनं घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, चाळीस झाले की सांग, अडतीसला कोण विचारतंय.

सरांकडे बाहेरचं काम यायचं. चामड्याची पिशवी घेऊन एक माणूस यायचा, गोरागोमटा, हसतमुख, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. त्याला सगळे पिशवीवाले साहेब म्हणायचे. तो हातानं लिहिलेले कागद द्यायचा, सर ते मोजून घ्यायचे आणि ज्याचा हात साफ त्याला सरावासाठी वाटायचे. पान संपलं की खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्यानं आपल्या नावाची आद्याक्षरं घालायची, ही सरांची शिस्त. चूक कुणाची ते कळायला हवं, म्हणायचे. आता ते कागद धाकटीकडे यायला लागले. क्लासात तो मान होता. ती खूश होती.

आता अंकांचं असं असतं, की अंकांची ओळ सगळ्यात वर, मधल्या ओळीपासून लांब. अक्षरं बोटांना पाठ होतात. अंक लवकर होत नाहीत. एखादा अंक आला की चांगल्या चांगल्यांची बोटं हवेत थांबतात आणि डोकं मध्ये आणावंच लागतं. अकरा तारखेला धाकटीच्या पानावर तारीख आली. तिनं डोकं मध्ये आणलं आणि एकोणीस टाइप केले. पुढची ओळ घेतली. मग मागे आली.

महिना हाच होता, वर्ष हेच होतं. समोर भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं, त्यावर अकरा.

तिला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. ती कागद घेऊन सरांकडे गेली आणि हळूच म्हणाली, की सर, इथे लिहिलंय एकोणीसला घडलं, पण एकोणीस तर अजून यायचीय.

सरांनी कॅलेंडरकडे बघितलं. कागदाकडे बघितलं नाही.

“तुझी अंकांची ओळ कच्ची आहे अजून,” ते म्हणाले.

“पण सर, तारीख...”

“कागदात आहे ते.”

आणि त्यांनी पट्टी वाजवायला घेतली, आधीपेक्षा थोडी जलद.

ती जागेवर येऊन बसली आणि त्या दिवशी तिनं नियम मोडला. तिनं कागद वाचला.

तो एक जबाब होता. मी सदर इमारतीत राहतो. दिनांक एकोणीस रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मला जिन्यात धूर दिसला. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांना इस्त्री चालू ठेवून झोपण्याची सवय होती, आम्ही त्यांना अनेकदा समजावले होते. मी दार वाजवले. दार आतून बंद होते. धूर वाढल्याने मी खाली आलो. खाली नाव, आणि सहीची जागा.

असे सहा कागद होते. नावं वेगळी, कुणी तिसऱ्या मजल्यावरचे, कुणी तळमजल्यावरचे, पण बाकी सगळं शब्दाला शब्द. सहा जणांनी एकच धूर एकाच मिनिटाला बघितला होता, अजून आठ दिवसांनी.

धाकटीनं खिडकीतून पलीकडे बघितलं. मावशी तोंडात टाचण्या धरून एका बाहीला गोल फिरवत होत्या. सात बिऱ्हाडं आणि सहा जबाब. सातवा कागद कुठे खाली पडलाय का म्हणून तिनं टेबलाखाली वाकूनसुद्धा बघितलं. मग तिला कळलं की सातवा कागद नसणारच. ज्या माणसाचं दार आतून बंद होतं, त्या माणसाचा जबाब कोण घेणार.

त्या दिवसाचा वेग निघाला चोवीस. एकदा वाचायची खोड लागली की सुटत नाही. पुढे कुठलाही कागद घेतला, शाळेची रजा असो की सायकलच्या जाहिरातीचा मजकूर, ती वाचायला लागायची आणि बोटं अडखळायची. सरांनी काही विचारलं नाही. कागद मात्र त्यांनी मोजून घेतले होते, मूळचे सहा, टाइप केलेले सहा.

घरी तिनं आईला सांगितलं. आई मोजे रफू करत होती, ती करत राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं आधी एवढंच विचारलं, की हे आणखी कुणाला माहितेय. मग म्हणाली, असे जबाब घेतं कोण, पोलीस. मग ते आधीपासून तयार करून कुणाच्या टेबलावर जाणार. तिथे जाऊन तू काय सांगणार, आणि खाली कोपऱ्यात कुणाची अक्षरं आहेत, ते विचारलं तर काय बोलणार.

धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

“पंचवीसपर्यंत थांब,” आई म्हणाली. “परीक्षा होऊ दे. मग काय ते कर.”

“आई, एकोणीस आधी येते.”

“मला कॅलेंडर वाचता येतं,” आई म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

त्यानंतर आई तिच्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. रागानं नव्हे. आपल्या तोंडून काय निघालं ते तिचं तिलाच गिळवत नव्हतं.

धाकटीनं सात दिवस काढले. रोज ठरवायची आज सांगते, आणि रोज मावशी चहा द्यायच्या, आणि रोज ती चहा पिऊन परत यायची. सांगितलं आणि सरांना कळलं तर फॉर्म गेला, फॉर्म गेला तर खुर्ची गेली. नाही सांगितलं तर. तिथे तिचं डोकं पुढे जायचंच नाही. अठराला मात्र ती मावशींच्या स्टुलावर बसली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

मावशी आधी हसल्या. मग म्हणाल्या, कागद दाखव. कागद नव्हता. मग म्हणाल्या, अगं, इथली माणसं काय परकी आहेत का, खालच्या पोस्टमन काकांच्या पँटी मी वीस वर्षं आत घेतेय, दर वर्षी इंचभर वाळतात. ते माझ्यावर असं लिहून देतील? धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मावशी कंटाळून म्हणाल्या, बरं बाई, जाते उद्या बहिणीकडे, तेवढीच तिची भांडी घासून होतील.

एकोणीसला धाकटी क्लासात बसून होती ती नुसती बसूनच. पलीकडे दुसऱ्या मजल्याची खिडकी लावलेली. साडेसहा वाजायला आले तेव्हा समोरच्या फुटपाथवर पिशवीवाले साहेब दिसले. त्यांनी वर बघितलं. आत जिन्यात गेले, थोड्या वेळानं बाहेर आले, घड्याळ बघितलं, पुन्हा वर बघितलं आणि चालू लागले. बाकी काही झालं नाही. धूर नाही, आरडाओरडा नाही. शाळेतल्या मुली घरी चालल्या होत्या.

वीसला मावशी परत आल्या त्या धुमसतच. बहिणीशी भांडण, अकरा गणवेश शिवायचे राहिलेले, आणि शाळेच्या बाईंनी सगळ्यांदेखत ऐकवलेलं. कुठंय तुझी आग, म्हणाल्या. धाकटीनं साहेब जिन्यात गेल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, माणसानं जिन्यात जाऊ नये का आता. आणि प्रथमच चहा विचारला नाही.

खरं सांगायचं तर धाकटीला ते बोलणं गोड लागलं. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असले कागद कुठल्या तरी नाटकाबिटकासाठी असतील, असं तिनं मनाला सांगितलं आणि मनानंही ऐकलं. माणसाला जगायचं असतं. तिची खोड सुटली. एकवीसला वेग निघाला सदतीस, बावीसला एक्केचाळीस. सरांनी पट्टी खाली ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. तो त्यांचा टाळ्या वाजवण्याचा प्रकार होता.

तेवीसला ऑफिसनं तिला अर्धा दिवस दिला. ती अडीचलाच क्लासात गेली. बाकी कुणी नव्हतं. सर होते, आणि पिशवीवाले साहेब होते, खुर्चीत, मांडीवर पिशवी. सरांच्या टेबलावर तिचा फॉर्म, सही झालेली, शिक्का उमटलेला, आणि त्यावर आडवी पट्टी. साहेब काही कागदांवर पेन चालवत होते, ते संपेपर्यंत तिला तासभर बसवून ठेवलं.

“आधी हे सहा कागद काढ,” सर म्हणाले. “मग फॉर्म घेऊन जा. वेळ आहे तुला.”

“तारखेची जागा सोडायची, बरं का,” साहेब हसून म्हणाले. “चार वेळा स्पेस. आम्ही हातानं भरू.”

ते कागद तेच होते. तारीख खोडलेली. धाकटीची बोटं मधल्या ओळीवर गेली आणि चालू लागली. आणि काय सांगायचं, कधी नव्हती चालली अशी चालली. आता अंकच नव्हते, अडायचं कारणच नव्हतं. पट्टी वाजत नव्हती तरी ठेका होता. पहिलं पान, दुसरं पान. साहेबांना फोन आला आणि ते बोलत बाहेर गॅलरीत गेले. तिसऱ्या पानावर तिच्या लक्षात आलं की आणखी एक शब्द खोडलाय. आधी होतं, दार आतून बंद होते. आता नुसतंच होतं, दार बंद होते.

दाराला कडी बाहेरूनही असते.

बोटं थांबली नाहीत. हेच तिला पुढे फार दिवस खात राहिलं. डोक्यानं वाचलं, डोक्याला कळलं, आणि बोटांनी तरी सहाही पानं पूर्ण केली, खाली कोपऱ्यात आद्याक्षरंसुद्धा घातली. मग प्रिंटर घरघरला आणि एकेक पान बाहेर आलं, गरम. भिंतीवर सव्वाचार झाले होते.

ती पानं हातात घेऊन सरांपुढे उभी राहिली.

“सर, तुम्ही हे वाचलंय का?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तीस वर्षांत मी एकही कागद वाचलेला नाही,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. त्यांनी पट्टी बाजूला सारली, फॉर्म एका बोटानं तिच्याकडे सरकवला, बोट त्यावरून काढलं नाही, आणि दुसरा हात पानांसाठी पुढे केला. “पाचला घेणं बंद करतात. मग कुणाचं ऐकत नाहीत.”

कचेरी दोन गल्ल्या पलीकडे होती. चालत दहा मिनिटं. फॉर्मवर तिचं नाव होतं आणि वडिलांचं नाव होतं. तिला चाळीस शब्द येत होते, एक्केचाळीस येत होते. तिनं फॉर्मकडे बघितलं, सरांच्या उघड्या पंज्याकडे बघितलं, पानं छातीशी धरली आणि जिन्याकडे वळली. सरांनी हाक मारली नाही. साहेब गॅलरीच्या टोकाला पाठमोरे बोलतच होते.

मावशी एका स्कर्टच्या चुण्या इस्त्री करत होत्या. धाकटीला बघून त्यांनी तोंड फिरवलं, पण पानं हातात दिल्यावर घेतली. मावशींचं वाचणं सावकाश, बोट ओळीखालून सरकवत. एक पान झालं, दुसरं झालं. तिसरं वाचताना ओठ हलायचे थांबले. सहाही पानं त्यांनी उलटली, आणि मग सहाव्याच्या मागेही बघितलं.

“हे सगळे आमच्याकडचेच,” त्या म्हणाल्या. “माझा कुठाय?”

“तुमचा नाहीये, मावशी.”

मावशींनी इस्त्रीची वायर प्लगमधून ओढून काढली. मग त्या वायरीकडे बघतच म्हणाल्या, असं कुणी लिहून देणार नाही, कुणीतरी यांची नावं नुसती वापरलीयत, चल, खालच्या काकांना दाखवू. ते खोटं बोलणार नाहीत. अख्ख्या इमारतीची पत्रं त्यांनी वाचून दाखवलीयत.

त्या खाली उतरायला लागल्या, धाकटी मागे. पहिल्या मजल्यावर दोन्ही दारांना कुलपं होती. मावशी म्हणाल्या, आज सगळे कुठे गेले. धाकटीनं मान वर करून जिन्याच्या फटीतून तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. तिथेही कुलूप. कुठेच भांड्याचा आवाज नाही, रेडिओ नाही. एवढी माणसं राहणारी इमारत, आणि त्यांच्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता.

पोस्टमन काकांचं दार मात्र उघडं होतं. काका खुर्चीत बसलेले, बाहेर जायचे कपडे घातलेले, पायाशी एक भरलेली बॅग. मावशींनी त्यांच्या नावाचं पान त्यांच्या हातात दिलं. काका म्हातारे, गोड माणूस. त्यांनी पान हात लांब करून धरलं आणि शांतपणे वाचलं, पत्र वाचावं तसं.

“तारीख काढली वाटतं,” ते म्हणाले.

मावशी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

“मागच्या वेळी यात एकोणीस होती,” काका म्हणाले. “तुम्ही बहिणीकडे गेलात ना, ताई. आम्ही सगळी माणसं सामान घेऊन बागेत जाऊन बसलो होतो. आठ वाजता परत यावं लागलं. तेव्हापासून माझी पाठ जी धरलीय ती धरलीय.” त्यांनी पानाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग मावशींकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा जरासा गोंधळला, चुकीच्या घरी पत्र टाकल्यासारखा. “जागा सोडा म्हणून तुम्हाला खूपदा सांगितलं त्यांनी. तुम्ही ऐकलं नाहीत.”

“काका,” मावशी म्हणाल्या, “वीस वर्षं झाली.”

“मी निघालोच होतो,” काका म्हणाले, आणि बॅग उचलून त्यांच्या बाजूनं, अंग चोरून, बाहेर पडले.

मावशी तिथेच खाली बसल्या. धाकटीनं उरलेली पाच पानं पर्समध्ये कोंबली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. त्या म्हणाल्या, मशीन. धाकटी म्हणाली, राहू दे. मावशी म्हणाल्या, मशीनशिवाय मी कोण आहे. वाद घालण्यात वेळ जास्त गेला असता, म्हणून दोघी पुन्हा दोन मजले चढल्या. मशीन लोखंडी, जुनं, स्टँडवरून सोडवलं तरी दोघींना जेमतेम उचलणारं. खोलीत शिरताना धाकटीनं दाराची बाहेरची कडी बघितली. तिला नवीन खिळे मारलेले होते. तिनं मावशींना ते दाखवलं नाही. पाठीनं दार अडवून ती उभी राहिली आणि मावशींना म्हणाली, तुमच्या बाजूनं धरा.

एकेक पायरी करत त्या उतरल्या. दुसऱ्या वळणावर शाळेच्या घड्याळाचे टोले ऐकू आले. धाकटीनं मोजले नाहीत. मोजायला काय, पाचच असणार. तेवढ्या वेळात कचेरीच्या खिडकीची फळी खाली आली असेल, आणि ऑफिसात कुणीतरी तिच्या टेबलाचा खण रिकामा करायला हरकत नाही असं म्हणेल, आज नाही तर पुढच्या आठवड्यात. तिनं ते सगळं एका पायरीवर बघून घेतलं आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

खालच्या दारात पिशवीवाले साहेब उभे होते. त्यांनी दाराची फळी हातानं धरून ठेवली होती, दोघींना मशीन घेऊन बाहेर पडता यावं म्हणून.

“सावकाश,” ते म्हणाले. “जिना वाईट आहे.”

दोघी बाहेर पडल्या. ते आत गेले आणि दार लागलं.

रस्ता ओलांडून त्यांनी मशीन क्लासच्या पायरीवर ठेवलं. वर खिडकीत सर उभे होते. त्यांनी खाली बघितलं की पलीकडे, ते काही कळलं नाही, कारण काचेवर उन्हाची तिरीप होती. मावशींनी पदरानं मान पुसली, समोर आपल्या खिडकीकडे बघितलं, आणि एकदम दचकल्या.

“गणवेश राहिले,” त्या म्हणाल्या. “अकरा पोरांचे आहेत गं. पटकन घेऊन येते, दोन मिनिटं.”

आणि त्या निघाल्यासुद्धा. धाकटीनं त्यांचं मनगट पकडलं. मावशींनी हिसका दिला, रागावल्या, रडल्या, लोकांची वस्तू आहे म्हणाल्या. धाकटी त्यांना काही समजावत बसली नाही. टाइप करून करून तिची बोटं चांगलीच कडक झाली होती. तिनं दहाही बोटांनी धरून ठेवलं, आणि समोर दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या आत कुणाची तरी सावली इकडून तिकडे गेली, तेव्हाही सोडलं नाही.